फळीवरचं पेडल

बसा. लाईट गेली की ह्या बाजूला लवकर येत नाही. कंदील लावतो. तुमची गाडी सकाळी बघू, क्लच काय रात्रीतून पळून जात नाही.

पण एक आत्ताच सांगून ठेवतो, राग मानू नका. क्लचच्या बाबतीत गिऱ्हाईक खोटं बोलतं. डॉक्टरपुढं माणूस दारूबद्दल बोलतो ना, तसं. "मी पेडलवर पाय ठेवून चालवत नाही हो," असं न विचारता सांगणारा हमखास ठेवत असतो. मी वाद घालत नाही. हँडब्रेक ओढतो, वरचा गिअर टाकतो, आणि पेडल हळूच सोडतो. क्लच धड असेल तर इंजिननं गचका खाऊन बंद पडायला पाहिजे. बंद नाही पडलं, नुसतं ओरडत राहिलं, की समजायचं क्लच घसरतोय. मग पेडल हातानं दाबून बघायचं. सुरुवातीला बोटभर चाल मोकळी लागली पाहिजे. ती नसली, आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असलं, तर कुणाचा तरी पाय तिथं मुक्कामाला आहे. संशय घेणं हाच माझा धंदा. त्यात मी चुकलो असेन तर एका गाडीत, आणि तिथंही चुकलो की नाही हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. लालबागच्या मागं हेच गॅरेज, हीच फळी. आम्ही इथले जुने मराठे, पिढ्यान् पिढ्या बंगळूरचे. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं गालात हसतात, निम्मं कानडी वाटतं त्यांना. नंदकिशोर वाळिंबे तसलेच, पुण्याचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, जयनगरला नव्या वसाहतीत घर. माणूस नीटनेटका, शर्टाच्या खिशाला पेन, बोलणं मोजून मापून.

त्यांनी एक निळी इंग्लिश गाडी घेतली होती, जुनी. ती गाडी मला लेकीसारखी ठाऊक होती, कारण ती विठोजी मास्तरांची. विठोजी मास्तर मोटार शिकवायचे. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, मास्तर डावीकडे. मास्तरांच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची जादा पेडलं, मीच बसवलेली. खालून एका दांड्यानं जोडलेली, म्हणजे शिकणारा गोंधळला की मास्तर आपल्या बाजूनं दाबणार. "पोरांच्या पायाचा भरवसा नाही रघुजी," म्हणायचे, "माझा पाय हाय तोवर गाडी कुणाच्या अंगावर जात न्हाई." आणि खरंच, त्यांच्या गाडीला कधी ओरखडा आला नाही.

मास्तर त्याच डाव्या सीटवर गेले. कोरमंगलाच्या तळ्याकडचा रस्ता तेव्हा शेतातनं जायचा, तिथं शिकवणी चालू असताना छातीत कळ आली. पण जाता जाता माणसानं क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले. गाडी बांधाच्या काठाला उभी राहिली, तळ्यात गेली नाही. शेतातली माणसं पळत आली तेव्हा मास्तर जाग्यावर ताठ, आणि पाय क्लचवरनं निघेना. दोघातिघांनी मिळून सोडवला म्हणे. गाडी चालवणारी एक बाई होती. ती गर्दी जमायच्या आत निघून गेली. कोण, कुठली, कुणाला कळलं नाही.

वर्षभरानं गाडी वाळिंबेसाहेबांनी घेतली. "मिसेसनीच पेपरात जाहिरात पाहिली," म्हणाले. डावीकडची पेडलं काढायला गाडी माझ्याकडेच आली. माझा मेकॅनिक परसू, बेळगावकडचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. त्यानं दांडा कापला, पेडलं काढली, भोकांवर पत्रा ठोकला. ब्रेकचं पेडल दुसऱ्या कुठल्या गाडीला कामी आलं. क्लचचं ह्या फळीवर राहिलं. आमच्यात लोखंड टाकत नाहीत.

आणि मग सुरू झालं. क्लच घसरतोय. गाडी आली, बघितलं, क्लचच्या चकतीवरचं लायनिंग जळून काळं. मी नवीन घातलं. चार आठ आठवड्यांत परत तेच. आता गंमत बघा. साहेब कारखान्याच्या बसनं जायचे, गाडी फक्त रविवारी बाहेर निघायची. रविवारी लालबागला जाऊन यायला क्लच जळत असेल तर बंगळुरात एकही गाडी चालू राहिली नसती.

तिसऱ्यांदा आले तेव्हा साहेब गाडीतनं उतरलेच नाहीत. मला आत बोलावलं, काच वर केली.

"रघुजीराव, एक स्पष्ट विचारतो. माझ्या मागं ही गाडी बाहेर जाते का, हे तुम्हाला सांगता येईल?"

मी म्हटलं, "कोण नेणार?"

त्यांनी समोर बघत सांगितलं. शेजारच्या तानूबाईंनी त्यांना गाठून सांगितलं होतं. दुपारी तुमची बाई शेडमध्ये गाडीत बसते. दार लावून. आणि कुणाशी तरी बोलते.

"मी तिला विचारलं. ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. गप्प राहते. गाडी चालवायला तिला येत नाही, असं तिनंच मला सांगितलंय." त्यांनी खिशातलं पेन काढून परत खिशात लावलं. "कोणीतरी येतं, रघुजीराव. तिला घेऊन जातं, नाहीतर शिकवतं. तुम्ही एवढंच सांगा, हा क्लच कुणाच्या तरी पायानं जळलाय की नाही. पायानं असेल तर दसरा झाला की मी तिला पुण्याला माहेरी पोचवणार. परत आणणार नाही."

क्लच तपासायला सांगतात ते वेगळं. साहेब तर बाईचं आयुष्य माझ्या पान्याला बांधून मोकळे झाले. प्रमोदिनीबाईंना मी एकदाच पाहिलं होतं, पेडलं काढायच्या दिवशी. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. परसू कापत होता तेव्हा ती सबंध वेळ डावीकडच्या दाराशी उभी होती, आणि दांडा तुटल्याचा आवाज झाला तशी पटकन तोंड फिरवून उभी राहिली. मला तेव्हा वाटलं, ठिणगी उडाली असेल.

गाडी ठेवून घेतली. मी आणि परसूनं गिअरबॉक्स उतरवली. लायनिंग जळालेलं, रिव्हेटपर्यंत झिजलेलं. क्लच दाबला की आतलं कार्बनचं बेअरिंग घासतं, तेही खाऊन गेलेलं. तुम्ही मला डोळे बांधून दाखवलं असतं तरी मी सांगितलं असतं: कुणीतरी पाय ठेवून बसतंय. तासन् तास.

पण मग मी पेडल बघितलं. रबर कोरं. त्याच्यावरच्या रेघासुद्धा पुसलेल्या नव्हत्या.

"अण्णा," परसू खालूनच म्हणाला, "पाय ठेवणाऱ्याचं रबर असं ऱ्हाईल का?"

मी मायलेजच्या काट्याची केबल बघितली. गाडी चोरून नेणारे ती केबल सोडतात, म्हणजे आकडा पुढं जात नाही. केबलच्या काट्याकडच्या नटावर जुनी धूळ तेलात बसून घट्ट झाली होती. त्याला पान्याचं तोंडही लागलेलं नव्हतं. आकडाही रविवारच्या फेऱ्यांपुरताच पुढं गेलेला, म्हणजे गाडी बाहेर गेली नव्हती. आणि उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, माणूस दिवसभर क्लच दाबत बसला तरी लायनिंग जळत नाही. मग जाळलं कुणी?

मी परसूवर संशय घेतला. खोटं कशाला बोलू, हलकं लायनिंग घालून चांगलं विकणारे मेकॅनिक मी पाहिलेत. त्याच्या समोर उघडून बघितलं. माल चांगला होता. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. साहेबांना बायकोवर संशय, मला परसूवर, परसूला माझा राग. एका क्लचपायी सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवं लायनिंग, नवं बेअरिंग घालून गाडी जोडली. चाल नीट बोटभर लावली. वरचा गिअर टाकून पेडल सोडलं, इंजिन खाडकन बंद. साहेबांना बोलावून दाखवलं. म्हटलं, "आता गाडी इथंच राहू दे. उद्या आयुधपूजा. पूजा झाली की हत्यारं झोपतात, दसऱ्याच्या सकाळपर्यंत आमच्यात कुणी लोखंडाला हात लावत नाही. पेडलांना ओलं गंध लावीन. कुणाचा पाय पडला तर उमटेल. पाय न पडता क्लच गेला तर दोष गाडीचा."

"आणि कुलूप?"

"माझं असतंय."

"माझंही लावू," साहेब म्हणाले. पुण्याचा माणूस, काय बोलणार.

खंडेनवमीला सकाळी गॅरेज धुतलं. ह्याच भिंतीशी पाट मांडून पाने, हातोडे, जॅक, सगळं ओळीनं ठेवलं. झेंडूच्या माळा, ऊद. बाहेर कोहळा फोडला. परसू ओळीनं प्रत्येक वस्तूला गंध लावत गेला, वर कुंकू. मी गाडीत वाकून तिन्ही पेडलांना लावलं. बाहेर येऊन बघतो तर पाटावर शेवटाला ते फळीवरचं क्लचचं पेडल. गंध, कुंकू, झेंडूचं फूल.

"हे कशाला ठेवलंस?"

"लोखंड हाय न्हवं अण्णा. एकाला वगळून कसं चालंल."

आमच्या वडिलांचं एक म्हणणं होतं. पूजेला जे बसवलं ते वर्षभर कामाचं हत्यार. मोडकी वस्तू पूजेला मांडायची नाही, तिला वाटतं आपल्याला बोलावलं. मी ते काढायला हात पुढं केला, पण पूजा होऊन गेली होती. आता कुणाला हलवायचं नसतं. सरी, म्हणजे ठीक आहे, म्हटलं, राहू दे. साहेब आले, त्यांनी गाडीत वाकून गंध बघितलं, गॅरेजच्या दाराला आपलं कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि गेले.

दसऱ्याच्या सकाळी धुकं होतं. आपल्या इथं त्या दिवसांत पडतं तसं, लालबागकडनं येणारं, गार. साहेब माझ्याआधी दाराशी उभे. डोळे लाल. झोप झाली नव्हती त्यांची. मी हळूच म्हटलं, "वहिनी कशा आहेत?"

"सामान बांधून बसलीय," म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं. तिनंच बांधलं."

दोन्ही कुलपं जशीच्या तशी. आत गेलो. ऊद विझून गेलेला, तरी वास होता. पण त्याच्याखाली दुसरा वास होता. तो वास मला झोपेतही कळतो.

जळक्या लायनिंगचा.

साहेबांना तो कळला नाही, ते थेट गाडीकडे गेले. दार उघडून वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "रघुजीराव… कोणी हात लावलेला नाही."

मी बघितलं. तिन्ही पेडलांवरचं गंध वाळून गेलेलं, पण अखंड. बोटांनी ओढलेल्या रेघा तशाच. मी आत बसलो, हातानं क्लचचं पेडल दाबलं. चाल नव्हती. परवा बोटभर लावलेली चाल गेलेली. पेडल एकदम कडक लागलं. परसू गाडीखाली सरकला आणि लगेच बाहेर आला. "अण्णा… स्वल्प इकडं या."

मी वाकून क्लचच्या आवरणाला हात लावला. गॅरेजमधलं सगळं लोखंड त्या थंडीत बर्फासारखं गार होतं. ते आवरण गरम होतं. चालून आलेल्या गाडीसारखं गरम.

मी परसूकडं बघितलं. परसू माझ्याकडं बघत नव्हता. तो पाटाकडं बघत होता. ओळीत पाने, हातोडे, जॅक. सगळ्यांवर गंध, सगळ्यांवर फुलं. आणि शेवटाला ते पेडल. त्याच्यावरचं झेंडूचं फूल चिरडून चपटं झालेलं. गंध, कुंकू सगळं सपाट पुसलेलं, टाच खाली आणि चवडा वर असा पाय ठेवल्यावर पुसतं ना, अगदी तसं.

साहेब अजून गाडीत वाकलेले होते. मी परसूला डोळ्यानं खुणावलं, त्यानं खिशातलं फडकं काढून पेडलावर टाकलं.

"साहेब," मी म्हटलं. "बाईंचा काही संबंध नाही. तुम्ही कुलूप लावलं, तुम्ही उघडलं, तरी परवाचा नवा क्लच आत जळलाय. हा क्लच कुणाच्या पायानं जात नाही. गाडीचाच दोष आहे. माझा शब्द."

तो माणूस तिथं पायरीवर बसला आणि रडला हो. तोंडावर रुमाल धरून. "मी तिला काय काय बोललो," म्हणाला. मला त्याची कीव आली, आणि बाईसाठी बरंही वाटलं. पोचवायचं राहिलं. जाताना आपट्याची पानं माझ्या हातात देऊन गेला.

परत नवं लायनिंग घालून गाडी दिली, तेव्हा विकून टाका, असं मी त्यांना सांगितलं होतं. विकली नाही.

पुढं पावसाळ्याच्या आधी एक दिवस दुपारी ती निळी गाडी दारात येऊन थांबली. असा क्लच सुटला की धक्का नाही, आवाज नाही. लोण्यात सुरी. मी मनात म्हटलं, असा पाय मी एकाच माणसाचा पाहिलाय. स्टिअरिंगवर प्रमोदिनीबाई होत्या.

साहेब मागच्या सीटवर बसलेले. पुढची डावी सीट रिकामी.

"क्लच बघा अण्णा," बाई उतरून म्हणाल्या. चांगल्या हसतमुख दिसत होत्या, अंग भरलं होतं. मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पेडल सोडलं, इंजिन झटक्यात बंद. चाल बोटभर. माझ्या हातचं दसऱ्याचं लायनिंग, इतके महिने रोज चालवलेलं, आणि नव्यासारखं.

"कधी शिकलात, अक्का?"

"थोडं आधीच शिकले होते. ह्यांना न सांगता. चकित करायचं म्हणून." त्यांनी पदर सारखा केला. "तळ्याच्या रस्त्याला त्या दिवशी मीच होते, अण्णा. घाबरून पळाले. मास्तरांना तसंच सोडून. त्यांची शिकवणी अर्धी राहिली होती. मग गाडी विकायला निघाल्याचं वाचलं, आणि मला राहवेना."

मी विचारलं, "आता पुरी झाली का?"

"कुठली. त्यांना अजून माझ्या पायाचा भरवसा वाटत नाही."

हे बाई अगदी साधेपणानं बोलल्या. सासऱ्यांबद्दल बोलावं तसं. मी पाणी आणायच्या निमित्तानं गाडीच्या मागच्या खिडकीशी गेलो. साहेबांनी काच थोडी खाली केली. माणूस वाळला होता. डाव्या पायात चप्पल नव्हती, पाऊल सुजून निळं पडलेलं.

"काय झालं साहेब?"

"एकदा पुढं बसलो होतो… डावीकडे." ते बाईंकडे बघत हळू बोलले. "पायावर पाय ठेवला, रघुजीराव. दाबूनच धरला. जयनगरपर्यंत." मग माझी बाही धरली. "तुम्ही सांगा ना हिला. ही मला रोज सोडायला येते. मला कारखान्याची बस चालेल… खरंच चालेल मला."

बाई जवळ आल्या तशी त्यांनी बाही सोडली आणि काच वर केली.

बाईंनी पिशवीतनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. क्लचच्या पेडलचं नवं रबर.

"तुमच्या पेडलचं रबर चांगलं आहे, अक्का. कोरं आहे."

"ह्याचं नाही," त्या म्हणाल्या. "ते फळीवरचं. परसूअण्णांनी फडक्यात बांधून ठेवलंय ना, ते. त्याला घाला. पाय घसरतो म्हणाले."

त्या बसल्या, आणि गाडी आली तशीच गेली, धक्का नाही, आवाज नाही. परसू त्यांच्याशी आयुष्यात एक शब्द बोललेला नव्हता. मी त्याला देवासमोर नेऊन विचारलं. आम्ही फळीवरनं बोचकं काढलं, फडकं सोडलं. रबर झिजून गेलं होतं. मधनं लोखंड दिसत होतं, घासून चांदीसारखं झालेलं.

मग काय करणार. घातलं नवीन. आता ते पूजेला बसलेलं हत्यार, काढून टाकता येत नाही. दर खंडेनवमीला गंध लावतो आणि रबर बदलतो. निळी गाडी अजून जयनगरच्या रस्त्याला दिसते, बाई चालवतात, साहेब मागं असतात.

तुम्ही मघापासून फळीकडं बघताय म्हणून सांगितलं. हात नका लावू, मीच काढतो. कंदील स्वल्प जवळ धरा. हे बघा, मधनं लोखंड दिसतंय.

हे रबर मी ह्या दसऱ्याला घातलंय.